फॅक्सचें पान आणि जेपेगचें चित्र

गेल्या महिन्यांत आम्हांस एका जुन्या वाटणीपत्राची गरज पडली. १९९४ सालीं तें फॅक्सनें आलें होतें आणि संगणकांत फॅक्सच्याच रूपांत राहिलें होतें. मूळ कागद केव्हांच गहाळ झाला. चिरंजीवांनीं फाइल उघडली तों पान उंचीला निम्में, अक्षरें चेपलेलीं! "बिघडली," असा निर्णयहि त्यांनीं देऊन टाकिला. वस्तुतः बिघडलें कांहींच नव्हतें. साध्या प्रतीच्या फॅक्समध्यें इंचास आडवे सुमारें २०४ ठिपके असतात आणि उभे ९८ च. हें न जाणणारा प्रोग्राम ठिपका चौरस समजतो. उंची दुप्पट करितांच पान सरळ झालें.

ही फॅक्सची लिपि १९८० सालीं ठरली. तींत रंग नाहीं, करडी छटाहि नाहीं. एका ओळींत १७२८ ठिपके, काळे किंवा पांढरे. विणकामाच्या नमुन्यांत "पांच सुलट, दोन उलट" असें लिहितात तें आमच्या भगिनींस ठाऊकच आहे. फॅक्सहि तसेंच "इतके पांढरे, इतके काळे" एवढेंच सांगतो, व वारंवार येणाऱ्या संख्यांस आंखूड खुणा देतो. सबंध कोरी ओळ शून्य-एकाच्या १७ अंकांत उरकते.

१९९२ सालच्या जेपेगची रीत निराळी. तें चित्राचे आठ-आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतें, त्यांतील छटांचे चढउतार लहरींच्या रूपानें मांडतें आणि डोळ्यांस सहसा न जाणवणाऱ्या बारीक लहरी गाळतें. नातवाच्या मुखड्यास ही काटकसर शोभते. (तोच मुखडा फॅक्सनें पाठविला तर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा इतका विस्कळित रांगोळा होतो कीं, फाइल लहान होण्याऐवजीं फुगूंहि शकते.) पण अक्षराची कड ही त्या बारीक लहरींवरच उभी असते, त्या गेल्या म्हणजे रेषेभोंवतीं धुरकट कण उमटतात.

आमच्या पुतण्यानें याच वाटणीपत्राचें जेपेग करून, तें फार दाबून, सर्व नातलगांस धाडिलें होतें. त्यांतील गट क्रमांकांत १ आहे कीं ९, यावरून दोन घरांचें बोलणें बंद झालें होतें. फॅक्सच्या फाइलींत तो स्वच्छ १ निघाला.

आतां एकहि ठिपका न गाळणाऱ्या पीएनजी रूपांत नवी प्रत करून आम्ही दोन्ही घरीं पाठविली आहे. वहिनींचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.