मुलांचा वाद्यवृंद आणि सरकारी तिजोरी

व्हेनेझुएलाची राजधानी काराकास येथे 1975 साली जोसे अँतोनिओ आब्रेऊ या अर्थशास्त्रज्ञाने मूठभर तरुण वादकांना एकत्र करून एका वाद्यवृंदाची मुहूर्तमेढ रोवली. ‘एल सिस्तेमा’ या नावाने पुढे ओळखला गेलेला हा उपक्रम मुख्यतः सरकारी पैशावर वाढला आणि लाखो मुलांपर्यंत पोहोचला. शाळा सुटल्यावर मुलांनी यावे, मोफत शिकावे आणि आरंभापासूनच समूहात वाजवावे, अशी त्याची रीत. 2009 मध्ये लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकचे संगीत-संचालक झालेले गुस्ताव्हो दुदामेल याच पठडीतले. तथापि सार्वजनिक खर्चाचा विचार करताना एका दुदामेलकडे बोट दाखवून भागत नाही. ज्यांचे नाव कधीच छापून येणार नाही, अशा मुलांच्या पदरात काय पडते, हा खरा प्रश्न आहे.

वाद्यवृंदात दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसणारी 14-15 वर्षांची मुलगी घ्या. मुख्य धून बहुधा पहिल्या व्हायोलिनांकडे असते. हिच्या वाट्याला येतात साथीचे स्वर आणि ठोके मोजत गप्प बसण्याच्या जागा. तिचा गज शेजारच्या वादकाबरोबर खाली यायचा आणि त्याच्याचबरोबर वर जायचा. ती चुकली तर सर्वांना ऐकू जाते. साधले तर तिचे वेगळे कौतुक कोणी करीत नाही. आपण केंद्रस्थानी नाही, पण आपल्यावाचून अडते, ही जाणीव तिला नेमकी त्या वयात होते. आपली परीक्षापद्धती याच्या उलट शिकवते. तेथे शेजाऱ्याचा गुण वाढला की आपला क्रमांक घसरतो. वाद्यवृंदात शेजारी चांगला वाजवू लागला की आपलेही वाजवणे सुधारते.

हे शिक्षण स्वस्त मात्र नाही. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन यांनी 1966 मध्ये दाखवून दिले की, यंत्रांमुळे कारखान्यातील उत्पादकता वाढते. चौघांनी वाजवायच्या रचनेला मात्र आजही चौघेच लागतात आणि वेळही तेवढाच. वेतन सर्वत्र वाढते, म्हणून कलेचा खर्च तुलनेने चढतच राहतो. वर्ग शिकवणाऱ्या शिक्षकांना हे निराळे समजावून सांगायला नको. केवळ शुल्कावर सोपवले, तर असे शिक्षण सधनांच्या मुलांचेच भूषण होईल. म्हणून सरकारी साहाय्य हवे.

परंतु साहाय्य दिले की काम संपले, असे नाही. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या पाठिंब्याने झालेला व्हेनेझुएलातील 2,914 मुलांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांचे आत्मनियंत्रण सुधारल्याचे त्यात दिसले. मात्र तपासलेल्या इतर बहुतेक बाबतींत लक्षणीय फरक आढळला नाही. शिवाय दाखल झालेल्यांत गरीब मुलांचे प्रमाण अपेक्षेहून बरेच कमी होते. दार सर्वांना उघडे ठेवले तरी आधी पोहोचतो तो ज्याला वाट ठाऊक असते. त्याच वर्षी तेथील सरकारविरोधी निदर्शनांत या उपक्रमातील एक तरुण वादक मारला गेला. दुदामेल यांनी सरकारवर टीका केली आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय युवा वाद्यवृंदाचा त्यांच्यासोबतचा अमेरिका दौरा सरकारने रद्द केला. तिजोरीची किल्ली एकाच हाती असली की सुराबरोबर मौनाचीही अपेक्षा केली जाते.

ही परंपरा आपल्याला अगदीच परकी नाही. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी व व्हायोलिन शिकलेल्या अनेक वादकांनी मुंबईच्या चित्रपटसंगीतातील वाद्यवृंद उभे केले. व्हेनेझुएलाच्या प्रयोगापासून स्फूर्ती घेऊन 2009 मध्ये गोव्यात स्थापन झालेली ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ ही संस्था वंचित मुलांना वाद्ये शिकवते. महाराष्ट्रातील नगरपालिका व जिल्हा परिषदांच्या शाळांतही असा आरंभ करता येईल. वाद्य बासरी असो, तबला असो वा व्हायोलिन. ते शाळेच्या मालकीचे असावे, शिक्षकाला नियमित वेतन असावे आणि प्रथम प्रवेश गरीब वस्तीतील मुलांना मिळावा. कारभार स्वायत्त मंडळाकडे असावा आणि मंत्र्यांच्या स्वागतासाठी मुलांना उभे करण्याची सक्ती नसावी. गरिबी हटवण्याचे श्रेय या खर्चाच्या माथी मारू नये. ज्याच्या घरी वाद्य विकत घेण्याची ऐपत नाही, त्या मुलालाही इतरांचे ऐकत स्वतःचा स्वर सांभाळता आला, तर तेवढ्यासाठी हा खर्च योग्य ठरतो.