गाठ काढली, पण तपासली का?

दातांच्या दवाखान्यात हिरडीवरची लहानशी गाठ काढायला फार वेळ लागत नाही. हरभऱ्याएवढा लालसर तुकडा गॉजवर येतो, टाका पडतो, रक्त थांबतं आणि रुग्ण सुटकेचा श्वास टाकून घरी जातो. त्या तुकड्याचं पुढे काय होतं? कितीदा तरी तो जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातो. ‘साधीच होती, दिसतच होतं.’

दिसण्यावर इथे भरवसा ठेवता येत नाही. गरोदरपणात काहीजणींच्या हिरडीवर लाल गाठ येते, ब्रश लागताच भळाभळा रक्त येतं. तिला पायोजेनिक ग्रॅन्युलोमा म्हणतात. नाव फसवं आहे: तिच्यात पू नसतो आणि ती खरी ग्रॅन्युलोमाही नसते. बाळंतपणानंतर ती अनेकदा आपोआप आक्रसते. जायंट सेल ग्रॅन्युलोमा थेट तशीच, फार तर जरा जांभळट. ओळख पटते ती सूक्ष्मदर्शकाखाली, अनेक केंद्रकांच्या मोठाल्या पेशी दिसल्यावर. ही गाठ पुन्हा पुन्हा उगवली तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासायला हवं. क्वचित मूळ दुखणं गळ्यातल्या ग्रंथीत असतं. तुकडा फेकला की हा धागाच तुटतो.

जिभेवर धोका उलट बाजूने येतो. रशियन पॅथॉलॉजिस्ट अब्रिकोसॉव्ह यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेला ग्रॅन्युलर सेल ट्यूमर बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो: टणक, न दुखणारा. पण त्याच्यावरचं अस्तर कधी कधी असं वाढतं की कर्करोगच वाटावा. बायोप्सीत वरवरचा पापुद्रा घेतला तर खालच्या दाणेदार पेशी हाती लागत नाहीत, आणि चुकीच्या निदानापायी जिभेवर नको तेवढी मोठी शस्त्रक्रिया होऊ शकते.

महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटखाबंदी आली, तरी मावा, खर्रा, मिश्री सुटलेली नाही. त्यामुळे तोंडात काही हाताला लागलं की माणूस कॅन्सर धरून बसतो, किंवा भीतीने कुणाला दाखवतच नाही. दोघांनाही खात्रीचं उत्तर हवं असतं.

त्यासाठी लागते दहा टक्के फॉर्मॅलिनची बाटली, त्यावर रुग्णाचं नाव, आणि सोबत चार ओळी: गाठ कुठे, कधीपासून, तंबाखू आहे का, बाई गरोदर आहे का. मुखविकृतीशास्त्र हा दंतवैद्यकातला स्वतंत्र विषय आहे. त्यातल्या तज्ज्ञाला या चार ओळी फार उपयोगी पडतात. डॉक्टरांनी विचारलं नाही तर रुग्णाने खुर्चीतून उठण्याआधी विचारावं, ‘तुकडा तपासणीला जाणार ना?’ आणि रिपोर्ट जपून ठेवावा. यातल्या काही गाठी परत येतात, तेव्हा पुढचा डॉक्टर आधी तोच कागद मागतो.