विश्लेषण : चंद्रपूर-गडचिरोलीत शाळकरी पोरांचा बीपी मोजणार कोण?

गडचिरोलीची आरोग्याची बातमी म्हटली की मलेरिया, कुपोषण नाहीतर सिकलसेल. डिजिटल डेस्कवर आम्हीही हेच मथळे देतो. पण 'सर्च' संस्थेने जिल्ह्यातल्या ८६ गावांत २०११ ते २०१३ दरम्यान झालेल्या मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा यादीत सगळ्यात वर निघाला लकवा. दर सातपैकी एक मृत्यू त्याने झालेला, आणि त्यातले बहुतेक घरीच.

लकव्यामागचं सर्वात मोठं कारण म्हणजे वाढलेला रक्तदाब. तो पन्नाशीत अचानक उगवत नाही. किशोरवयात ज्यांचा बीपी इतरांपेक्षा वरच्या बाजूला असतो, त्यांचा पुढेही तसाच राहण्याची शक्यता जास्त असते.

मग तपासणी कधी होते?

आशाताई बीपी-शुगरचा फॉर्म भरते तो तिशी ओलांडलेल्यांचा. शाळेत येतं ते राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक, वर्षातून एकदा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाच्या यादीत तीसएक आजार आहेत. ऱ्हुमॅटिक हृदयरोग आहे, दातांची कीड आहे. उच्च रक्तदाब आणि मधुमेह मात्र नाहीत. गंमत म्हणजे पथकाच्या साहित्यात बीपीचं मशिन आहे! यंत्र शाळेपर्यंत पोहोचतं, पण प्रत्येक मुलाच्या दंडाला ते लावायचं कारण यादीत नाही.

'आमची पोरं किडकिडीत, त्यांना कसला बीपी?' असं कोणी म्हणेल. इथेच वजनकाटा फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं, की आपल्याकडची बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. कमी वजनाने जन्मलेल्यांना पुढे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका अधिक. म्हणजे कुपोषण आणि शुगर हे दोन वेगळे विषय नाहीत. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या दहापैकी एकाची साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, तर शंभरातल्या पाचांचा रक्तदाब जास्त. हे आकडे देशाचे आहेत.

आपल्याकडे त्यात खर्ऱ्याची भर. निकोटीन नाडी आणि रक्तदाब दोन्ही वाढवतं. शाळेच्या वाटेवरचा पानठेला बंद करणं हेही हृदयरोग प्रतिबंधाचंच काम आहे, फक्त तसं कोणी म्हणत नाही.

शुगरची चाचणी जपून

'तीन महिन्यांची शुगर' सांगणारी एचबीएवनसी चाचणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, हे त्यात गृहीत धरलेलं असतं. सिकलसेलच्या रुग्णात त्या त्याआधीच मरतात, त्यामुळे आकडा खोटा कमी येऊ शकतो. लोहाच्या कमतरतेच्या ॲनिमियात तो उलट वाढतो. सेन्सर कशासाठी बनवलाय ते आधी बघा, मग रीडिंगवर विश्वास ठेवा, हे इंजिनिअरिंगच्या लॅबमध्ये शिकवतात. सिकलसेल आणि ॲनिमिया असलेल्या या पट्ट्यात ते शब्दशः लागू आहे. इथे उपाशीपोटीची साधी शुगर जास्त भरवशाची.

बीपी एकदा जास्त आला म्हणून पोराला आजारी ठरवू नका. पाच मिनिटं शांत बसवून, दंडाच्या मापाचा पट्टा लावून, तीन वेगवेगळ्या दिवशी मोजायचा. १३ वर्षांवरील मुलांत तिन्ही वेळा १३०/८० किंवा वर असेल तर डॉक्टरकडे न्यायलाच हवं. लहान वयातल्या बीपीमागे कधी मूत्रपिंडाचा विकार असतो, कधी जन्मतः अरुंद महाधमनी; ती शस्त्रक्रियेने किंवा फुग्याने रुंद करता येते. मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर त्वचा दिसली तर घासू नका. तो मळ नसून शुगरची पूर्वसूचना असू शकते.

तीन दिवस मूल सापडेल अशी जागा म्हणजे आश्रमशाळा. भामरागड, अहेरी, गडचिरोली, चिमूर, चंद्रपूर या प्रकल्प कार्यालयांनी ठरवलं तर नववी-दहावीपासून सुरुवात करता येईल. मात्र ज्याचा आकडा जास्त आला त्याला रुग्णालयात नेणारी गाडी आणि सोबत जाणारा माणूस आधी ठरवा. नुसत्या याद्या करायच्या असतील तर मुलांना घाबरवू नका. आणि तो आकडा मुलाच्या हातातल्या कार्डावर हवा. अहेरीचं पोर बारावीनंतर चंद्रपूरला शिकायला किंवा कामाला गेलं की शाळेचं रजिस्टर मागेच राहतं. बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी संपतो आणि आशाताईचा फॉर्म यायला अजून बारा वर्षं असतात.