झीज कोणती आणि खोट कोणती?

माल विकला, पैसे गल्ल्यात आले, आता आपला संबंध संपला, असे समजणारे दुकानदार आणि कारखानदार सगळ्या मुलखात आहेत. कापडाच्या धंद्यात आम्हाला हे रोज दिसते. अमेरिकेतील मोटारमालकांचा एक मामला या बाबतीत आमच्या व्यापारी बांधवांनी जरूर समजून घ्यावा. मोटारी श्रीमंतांच्या होत्या, पण त्यातून निघालेला सवाल गरिबाच्या सायकलीलाही लागू पडतो.

निसान या जपानी कंपनीने २००२ साली अमेरिकेच्या बाजारात दोन गाड्या आणल्या. एक ३५०-झेड ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार. दुसरी, त्याच कंपनीच्या इन्फिनिटी या नावाखाली विकली जाणारी जी-३५. दोन्हींचा सांगाडा एकाच घराण्यातला. गाड्या वेगवान आणि देखण्या होत्या. परंतु २००३ व २००४ च्या मॉडेलचे मालक तक्रार करू लागले की, ब्रेकचे पॅड आणि ते ज्या लोखंडी चकतीला आवळतात ती चकती, दोन्ही वेळेच्या फार आधी झिजतात. इन्फिनिटीची वॉरंटी ४ वर्षे किंवा ६०,००० मैलांची, निसानची ३ वर्षे किंवा ३६,००० मैलांची. पण वॉरंटीच्या कागदात नेहमीचे वाक्य असतेच: वापराने झिजणारे भाग यात धरलेले नाहीत. पॅडचा खर्च मालकाच्या खिशातून.

आता कंपनीची बाजूही इन्साफाने पाहिली पाहिजे. ब्रेक म्हणजे गाडीचा वेग उष्णतेत बदलून टाकणारे यंत्र. वेग दुप्पट झाला तर थांबवताना उष्णता चौपट होते. स्पोर्ट्स कार घेणारा माणूस ती बैलगाडीसारखी चालवत नाही. तेव्हा 'तुमच्या चालवण्यानेच ब्रेक झिजले' या उत्तरात काहीच दम नाही, असे आम्ही म्हणणार नाही. एकटा मालक हे उत्तर खोडून काढू शकत नाही. त्याच्या पायाचा दाब मोजायला कोण बसले होते?

एक तक्रार आणि शेकडो तक्रारी

इथेच या मामल्याचे मर्म आहे. एका माणसाची तक्रार ही त्याची सवय ठरते. पण निरनिराळ्या गावांत, निरनिराळ्या रस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या अनेक माणसांचे तेच पॅड तितक्याच लवकर संपू लागले, तर सगळ्यांच्याच सवयी वाईट कशा? त्यातही ३५०-झेडच्या काही नमुन्यांना ब्रेम्बो या इटालियन कंपनीचे मोठे ब्रेक होते. तक्रारीचा रोख होता तो साध्या ब्रेकवर. पुढे २००५ च्या जी-३५ ला कंपनीने मोठ्या चकत्या दिल्या. कंपनीने खोट कबूल केली असा याचा अर्थ नाही. पण व्यापारी माणूस असे बदल पाहून काय समजायचे ते समजतो.

सरकारकडे जाण्याचा रस्ता या मालकांना बंदच होता. वाहनांची सुरक्षितता पाहणारे अमेरिकेचे सरकारी खाते सदोष गाड्या परत बोलवायला लावू शकते. पण ब्रेक पॅड, बॅटरी, शॉक अॅब्सॉर्बर यांची साधारण झीज ते खाते सुरक्षिततेतील दोष मानत नाही. मग उरले कोर्ट. पॅडच्या एका खर्चासाठी वकील कोण लावणार? वकिलाची फी पॅडपेक्षा भारी. म्हणून मालकांनी तिथल्या कायद्यातील सामूहिक दाव्याचा मार्ग धरला. थोड्या मालकांनी सगळ्यांच्या वतीने दावा लावायचा, आणि फैसला सगळ्यांना लागू. हा मामला शेवटी तडजोडीने मिटला. अशा तडजोडीला न्यायाधीशाची मंजुरी लागते, आणि कंपनी सहसा कसूर कबूल न करता भरपाई देते.

या पद्धतीतही खोड्या आहेत. ग्राहकाच्या हातात पुढच्या खरेदीवर सवलतीचे कूपन आणि वकिलाच्या हातात रोख रक्कम, असे प्रकार तिथे पुष्कळ झाले. म्हणून २००५ साली अमेरिकी संसदेने कायदा करून कूपनच्या तडजोडीत वकिलाची फी, ग्राहकांनी प्रत्यक्ष वापरलेल्या कूपनांच्या किमतीवर मोजावी असे ठरवले. हक्क मिळाला तरी त्याची मलई कोण खातो, यावर नजर ठेवावी लागते.

झीज मोजता येते

कारखानदारांचा मोठा बचाव असा की, झीज वापरावर असते, तिची हमी देणार कशी? आम्हाला हा बचाव पटत नाही. टायरही वापरानेच झिजतो. तरी अमेरिकेत मोटारीच्या टायरच्या बाजूवर झिजेचा दर्जा सांगणारा आकडा छापावा लागतो, आणि कित्येक कंपन्या इतके मैल टायर चालेल अशी लेखी हमी देतात. आधी संपला तर उरलेल्या मैलांच्या हिशोबाने पैसे वळते करतात. टायरला जे जमते ते ब्रेकला का जमू नये?

आमच्या कापडाचेच पाहा. रंग धुण्याने आणि उन्हाने उतरणारच. पण किती उतरावा याचे माप आहे. धुण्यातला रंगाचा पक्केपणा १ ते ५ आणि उन्हातला १ ते ८ अशा दर्जांनी प्रयोगशाळेत तपासतात. घासून कापड किती टिकते तेही यंत्रावर मोजतात. परदेशी खरेदीदार या आकड्यांशिवाय मालाला हात लावत नाही. मात्र आपल्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाला दोन धुण्यांत फिका पडलेला ताका दाखवून 'कापड आहे, रंग जाणारच' असे सांगितले जाते. ठोक व्यापारी किरकोळ दुकानदाराला हेच सांगतो, प्रोसेसवाला ठोक व्यापाऱ्याला हेच सांगतो. शेवटी नुकसान त्याचे, ज्याच्याजवळ तपासणीचा कागद नाही.

आपल्याकडचा कायदा

आपल्या देशात १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा होता. त्याच्या जागी २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यात 'दोष' या शब्दाची व्याख्या रुंद आहे. कायद्याने, कराराने किंवा विकणाऱ्याच्या दाव्याप्रमाणे जो दर्जा हवा, त्यातली कोणतीही उणीव म्हणजे दोष. करार लेखी असो वा गृहीत धरलेला. तेव्हा वॉरंटीत 'झिजणारे भाग वगळून' असे लिहिले म्हणजे कारखानदार पूर्ण सुटला असे आम्ही मानत नाही. जो भाग मुळातच कमकुवत दिला, त्याला झीज म्हणता येणार नाही. गरज पडल्यास आयोग माल प्रयोगशाळेत पाठवून तपासून घेऊ शकतो.

याच कायद्याच्या कलम ३५ मध्ये एकसारखे हितसंबंध असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने एक किंवा अधिक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने तक्रार करता येते. पण सावधगिरी हवी. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ब्रिगेड एंटरप्रायझेसच्या मामल्यात सांगितले की, सर्वांचे हितसंबंध एकच आहेत हे तक्रारीत नीट मांडलेले असले पाहिजे. तसे नसेल तर तक्रार सगळ्यांच्या वतीने चालणार नाही, जे तक्रारदार पुढे आले त्यांच्यापुरतीच चालेल.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. धंद्याच्या कामासाठी घेतलेल्या मालाचा खरेदीदार या कायद्यात ग्राहक ठरत नाही. मात्र स्वतः राबून पोट भरण्यासाठी टेम्पो किंवा शिलाई मशीन घेणारा ग्राहक ठरतो. दुसरे, तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. 'बघू, करू' म्हणणाऱ्या डीलरच्या भरवशावर ती घालवू नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. ब्रेक, क्लच, बॅटरी, टायर असे झिजणारे भाग साधारण वापरात किती किलोमीटर किंवा किती महिने टिकावेत, हा आकडा कारखानदाराने विक्रीच्या वेळीच लेखी द्यावा. त्याच्या आत भाग संपला तर उरलेल्या हिशोबाने भरपाई द्यावी, आणि ग्राहकाने गैरवापर केला हे सिद्ध करण्याचा बोजा कारखानदारावर असावा. सरकारने हा नियम करावा. नियम होईपर्यंत व्यापारी संघटनांनी आपल्या खरेदीच्या करारात तो घालून घ्यावा.

खरेदीदारांनीही बिल, सर्व्हिसची पावती आणि मीटरचा आकडा जपून ठेवावा. बदललेला भाग भंगारात न देता घरी आणावा. तसाच माल घेतलेली आणखी माणसे शोधावीत आणि तक्रार एकत्र करावी. एकट्याला डीलर काउंटरवरूनच परत पाठवतो. दहा जण आपापल्या पावत्या घेऊन आले तर त्याला कारखानदाराला फोन लावावाच लागतो.

आणि आम्ही जे काउंटरच्या आतल्या बाजूला बसतो, त्यांनी दुसऱ्याकडून मागतो तेवढे माप आधी आपल्या मालाला लावावे. रंग किती पक्का आहे ते विकतानाच सांगावे आणि बिलावर लिहून द्यावे. असे करणाऱ्या दुकानाचे गिऱ्हाईक तुटत नाही.