लोखंड स्वस्त, सबुरी महाग

"फ्युएल सेल स्वस्त का होत नाहीत रे?" परवा चहावर मित्राने विचारलं. प्लॅटिनम, दुसरं काय! त्याऐवजी सच्छिद्र कार्बनच्या सूक्ष्म छिद्रांत लोह आणि नायट्रोजन बसवले तरी काम भागतं, हे कॅनडातल्या दोदले यांच्या गटाने २००९ मध्येच दाखवलं. घोडं अडतं टिकाऊपणावर. सेलमधल्या आम्लात लोह विरघळतं, कार्बन झिजतो. म्हणजे डेमो झकास, प्रॉडक्शनला क्रॅश!

आणि आपण? २०२३ मध्ये हरित हायड्रोजन मिशनला १९,७४४ कोटी मंजूर झाले, आपण टाळ्या वाजवल्या. त्यात संशोधनाला किती? ४०० कोटी. जेमतेम दोन टक्के!

टेस्टिंगचं बजेट कापणाऱ्या मॅनेजरला आपण शिव्या घालतो ना? मग इथे गप्प का? स्वस्त धातू सापडलाय, तो टिकवायचे पैसे मागा की राव!