पणजीचे माहेर

खलील जिब्रान हे नाव मराठी वाचकाला नवे नाही. वि. स. खांडेकरांनी त्याच्या रूपककथा मराठीत आणल्या, त्यालाही आता कितीतरी दशके लोटली. पण आपण ज्याला खलील म्हणतो, त्याचे ते नावच नव्हे. ते त्याच्या वडिलांचे नाव! मुलाचे नाव जिब्रान, वडिलांचे खलील आणि आडनाव पुन्हा जिब्रान. लेबनॉनच्या डोंगरातील बशर्री गावी १८८३ मध्ये जन्मलेला हा मुलगा १८९५ मध्ये आई आणि भावंडांबरोबर अमेरिकेत बोस्टनला पोहोचला. तिथल्या शाळेत तीन पदांच्या नावातले पहिले पद गळाले आणि पुढे इंग्रजी वाचणारे जग त्याला बापाच्या नावाने ओळखू लागले.

ही गंमत मराठी माणसाला चटकन कळते, कारण आपणही स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असेच लिहितो. समजा, शांताराम गणपत लोहार परदेशी गेला आणि तिथल्या कारकुनाने 'लोहार' सोडून दिले, तर त्याची मुले 'गणपत' आडनावाने वाढतील. चार पिढ्यांनंतर त्यांना मूळ गाव शोधायचे झाले, तर कोणत्या गणपतचे घर विचारायचे? १८८० नंतरच्या तीन-चार दशकांत लेबनॉनच्या डोंगरातून अमेरिकेत गेलेल्या हजारो कुटुंबांच्या वंशजांपुढे आज असाच प्रश्न आहे.

माझ्या पुतण्याची बायको अशाच एका घरातली. ओहायो राज्यातल्या टोलीडो शहरात जन्मलेली. तिचे पणजोबा १९०९ मध्ये झाहले या गावाहून आले, पणजी तीन वर्षांनी आली. मागे दोघे पुण्याला आली होती, तेव्हा तिने एक जाडजूड फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "काका, तुम्ही बँकेत आयुष्यभर वारसांचे कागद तपासलेत ना? मग आता माझेही तपासा."

मयत खातेदारांच्या दाव्यांची प्रकरणे मी पुष्कळ हाताळली आहेत. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. कागद मुद्दाम खोटे क्वचितच बोलतो, पण त्याला जेवढे विचारले तेवढेच सांगतो. म्हणून कोणताही दाखला हाती आला की तो कोणी केला, कशासाठी केला आणि माहिती कोणी पुरवली, हे आधी पाहायचे.

त्या फाइलीतली जनगणनेची पाने याच नजरेने पाहिली. १९१० च्या पानावर पणजोबांचे जन्मस्थान तुर्कस्तान, १९२० च्या पानावर सीरिया आणि पुढच्या कागदांवर लेबनॉन. गाव तेच, माणूसही तोच. बदलले होते ते राज्य. पहिल्या महायुद्धापर्यंत तो सारा मुलूख ऑटोमन सुलतानाचा होता. नंतर फ्रेंच आले आणि १ सप्टेंबर १९२० रोजी त्यांनी 'ग्रेटर लेबनॉन' जाहीर केला. त्यामुळे 'आमचे पणजोबा तुर्क होते की काय?' असे अमेरिकेतल्या नातवंडांना वाटले, तर नवल नाही.

बंदरावरच्या साहेबाने नावे बदलली, अशी एक आख्यायिकाही तिकडे घरोघर सांगतात. प्रत्यक्षात न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरचे अधिकारी बोटीबरोबर आलेल्या उतारूंच्या यादीवरून माणसे तपासत, आणि ती यादी निघण्याच्या बंदरातच जहाज कंपनीची माणसे करीत. नावे बदलली ती बहुतेक नंतर, शाळेत, कारखान्यात, दुकानाच्या पाटीवर. हद्दाद म्हणजे लोहार. अशा कितीतरी हद्दादांनी सरळ भाषांतर करून 'स्मिथ' लावले.

नाव बदलण्यामागे केवळ सोय नव्हती, भीतीही होती. त्या काळी अमेरिकेचे नागरिकत्व बाहेरून आलेल्या गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांनाच मिळे. सीरियन माणूस गोरा की नाही, हा वाद कोर्टात गेला. जॉर्ज डाऊ नावाच्या अर्जदाराला खालच्या कोर्टाने नाकारले, १९१५ मध्ये अपील कोर्टाने गोरा ठरवले. आठ वर्षांनी, १९२३ मध्ये, आपल्या भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस मात्र त्या व्याख्येत बसत नाही, असा निकाल दिला. एका शब्दावर घर, धंदा, मुलांचे भवितव्य अवलंबून असताना माणसे कागदावर काय लिहवून घेतील, याचा विचार आपणच करावा.

आता पणजीकडे येऊ. पणजोबांचे सगळे सापडले होते: बोट, पत्ता, भाऊ, नागरिकत्वाचा अर्ज. पणजी मात्र प्रत्येक कागदावर कोणाची तरी बायको किंवा कोणाची तरी आई. मुलाच्या जन्मदाखल्यात तिच्या माहेरच्या आडनावाच्या रकान्यात 'जॉर्ज' लिहिलेले. म्हणजे पुन्हा तोच घोटाळा. जॉर्ज म्हणजे जिर्जिस, आणि ते तिच्या वडिलांचे नाव. झाहलेत त्या काळी जिर्जिस किती असतील, याचा हिशेब न केलेला बरा. लेबनॉनमध्ये कुटुंबाची सरकारी नोंद पुरुषाच्या नावे, गावाप्रमाणे आणि पंथाप्रमाणे होते. लग्न झाले की मुलीचे नाव बापाच्या पानावरून नवऱ्याच्या पानावर जाते. तेव्हा पान शोधायचे तर आधी आडनाव हवे, आणि हरवले होते नेमके तेच.

इथे डीएनए कामाला आला. हल्ली परदेशात लाळेचा नमुना पाठवला की अमुक टक्के हे आणि तमुक टक्के ते, असा रंगीत तक्ता घरी येतो. लोक त्यावरच खूश होतात. मला त्या तक्त्याचे फारसे अप्रूप नाही. तो आजच्या माणसांच्या नमुन्यांशी तुलना करून काढलेला अंदाज असतो आणि तुलनेचे नमुने वाढले की टक्केही बदलतात. खरे मोल असते ते नातेवाइकांच्या यादीला. आई-बापांकडून निम्मा निम्मा डीएनए येतो, आजीकडून सरासरी पाव, पणजीकडून आठवा हिस्सा. जितके मागे जावे तितका वाटा लहान होतो. म्हणून नमुना घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा घ्यावा. आमच्या सूनबाईने वडिलांचा दिला. जी तिची पणजी, ती त्यांची आजी.

यादीत ब्राझीलमधल्या साओ पावलोची एक बाई निघाली. अमेरिका म्हणून निघालेले कितीतरी लेबनीज तिकडे उतरले आणि तिथेच राहिले. पण तिचे नाते पणजोबांकडचे की पणजीकडचे? पणजोबांच्या भावाची नातवंडे टोलीडोतच आहेत, त्यांचेही नमुने होते. त्यांच्याशी या बाईचे काही जुळत नव्हते. म्हणजे संशय पणजीच्या माहेराकडे गेला. संशयच म्हणायचा, कारण डोंगरातल्या गावांत पिढ्यान् पिढ्या आपल्याच गावात, आपल्याच पंथात लग्ने झाली. तिथे दूरचे नातेही रक्तात जवळचे दिसते.

निकाल अखेर कागदानेच दिला. साओ पावलोच्या घरात झाहलेहून आणलेला बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवलेला होता. तो पणजीच्या धाकट्या बहिणीचा. त्यावर आई-वडिलांची पूर्ण नावे होती आणि आडनाव होते ते एका धंद्याचे, आपल्याकडच्या सुतारासारखे. त्या घरात असेही सांगतात की बहिणींचे आई-वडील युद्धातल्या दुष्काळात गेले. १९१५ मध्ये टोळधाड आली, समुद्रातून दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी होती आणि तुर्की सैन्य धान्य उचलून नेत होते. १९१८ पर्यंत डोंगरातली सुमारे एकतृतीयांश माणसे भुकेने आणि साथींनी मेली, असा अंदाज आहे. परदेशातल्या मुलांनी पाठवलेला पैसा तेव्हा गावी पोहोचेना. ज्याने मनीऑर्डरीची वाट पाहणारी म्हातारी माणसे काउंटरपलीकडे पाहिली आहेत, त्याला या एका वाक्यापुढे वाचवत नाही.

डीएनएला मर्यादा आहेत, धोकेही आहेत. एकाने नमुना दिला की भाऊ, चुलते, मामे यांचीही माहिती त्यांच्या सहीशिवाय जमा होते. बँकेत असे खाते कोणी उघडू दिले नसते. आणि राजकारणही चिकटतेच. २०१७ मध्ये सैदा इथल्या सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या पाच सांगाड्यांचा डीएनए तपासला, तेव्हा आजच्या लेबनीज लोकांचा बहुतांश वारसा त्या प्राचीन कनानी लोकांपर्यंत पोहोचतो असे दिसले. 'आम्ही फिनिशियन, तुम्ही अरब' म्हणून भांडणाऱ्या देशाने यातून एकोप्याचा धडा घ्यावा, पण भांडणारा माणूस अहवालातूनही हत्यारच शोधतो.

तरीही मला वाटते की या विद्येने एक मोठे काम केले आहे. सरकारी कागद बापाची रेषा जपतो. लेबनॉनने परदेशातल्या वंशजांना नागरिकत्व परत देण्यासाठी २०१५ मध्ये कायदा केला, तोही वडिलांकडच्या पूर्वजांपुरता. परक्याशी लग्न केलेल्या लेबनीज आईला आपले नागरिकत्व मुलांना देता येत नाही, ते आजही. रक्त असा भेद करीत नाही. त्याला नाव ठाऊक नसते, पण आजीचा वाटा ते आजोबाइतकाच राखून ठेवते.

आपण तरी वेगळे कुठे आहोत? आपल्या वंशावळी पाहा. बापाखाली मुलगा, मुलाखाली नातू. बायका जवळजवळ नाहीतच. त्यातून लग्नात मुलीचे पाळण्यातले नावही बदलण्याची आपली रीत, ती पुष्कळ घरांतून अजून गेलेली नाही. शाखेत एखादी वृद्ध बाई माहेरच्या नावाची जुनी ठेवपावती घेऊन येई आणि 'ती मीच' हे सिद्ध करायला तिला प्रतिज्ञापत्र करावे लागे. पुरुषांवर ही वेळ फारशी आली नाही.

लाळ पाठवून शोधण्याची पाळी आपल्यावर अजून आलेली नाही, कारण सांगणारी माणसे घरात आहेत. आजीचे माहेरचे पूर्ण नाव, पणजीचे गाव, लग्नाआधी तिला काय म्हणत, एवढे आज विचारून वहीत लिहून ठेवले तरी पुरे. त्यासाठी ना प्रयोगशाळा लागते, ना दाखला. विचारायला मात्र उशीर करून चालत नाही.