युरियाच्या गोणीला बाटलीचे शेपूट



वडशाच्या बांध्यांत धान निघाल्यावरच गहू पेरता येतो. तोवर डिसेंबर उजाडतो. दाणा भरायच्या वेळी ऊन तापते आणि दाणा बारीक राहतो. नेमक्या याच भीतीवर बाटल्यांचा धंदा चालतो. ‘फवारा मारा, दाणा टपोरा होईल!’ बाटली नको म्हटले, तर युरियाही मिळत नाही.

आम्ही फवारणीच्या विरोधात नाही. पान अन्न घेते, हे खरे. पण किती, ते मोजा. एकरी २०० लिटर पाण्यात दोन टक्क्यांप्रमाणे ४ किलो युरिया पडतो. त्यात दोन किलोही नत्र नाही. एक क्विंटल गव्हाला सुमारे अडीच किलो नत्र लागते. फवारा ही चटणी आहे, भाकर जमिनीतूनच येणार.

नॅनो युरिया २०२१ मध्ये आला. त्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत तेव्हा २० ग्रॅम नत्र होते, तर ४५ किलोच्या गोणीत २० किलोंहून जास्त. तरी बाटली गोणीच्या बरोबरीची, असा प्रचार झाला! पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे प्रयोग केला. नेहमीचे अर्धे नत्र तोडून नॅनो युरिया फवारला, तेव्हा गव्हाचे उत्पादन २१.६ टक्क्यांनी घटले, दाण्यातले प्रथिनही कमी झाले.

टॉनिकांची कथा याहून वाईट. जिबरेलिक आम्लासारख्या संजीवकांना १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. ‘जैवउत्तेजके’ मात्र २०२१ पर्यंत खत नियंत्रण आदेशाबाहेरच होती. सुमारे ३० हजार उत्पादने वर्षानुवर्षे बिनतपासणी विकली गेली. तपासणी कडक झाल्यावर ६५० च्या आसपास उरली. हे जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान यांनीच सांगितले. मग आधीच्या बाटल्यांचे पैसे कोणाच्या खिशातून गेले? आमच्याच!

आणि समजा, दाण्यात प्रथिन वाढले. बाजारात त्याचा वेगळा भाव कोण देतो? खर्च आमचा, गुण खाणाऱ्याचा.

म्हणून आमचे मागणे सरळ आहे. गोणीसोबत बाटलीची सक्ती करणाऱ्याचा परवाना रद्द करा. प्रत्येक बाटलीचे पक्के बिल द्या. सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्राने उशिरा पेरलेल्या गव्हात, आमच्याच बांध्यांत, फवारलेली आणि न फवारलेली पट्टी शेजारी-शेजारी ठेवावी आणि दोन्हींचे वजन जाहीर करावे.

बाटलीत गुण असेल तर आम्ही रांग लावून घेऊ. गोणीला बांधून गळ्यात मारलेली बाटली मात्र आता कोणीही घरी नेऊ नये.